उलटा हातमोजा

कोतवाल साहेबांनी विचारलं, टीशर्ट कसला घेऊ?
म्हटलं, सुती नको. चेंबूरचा घाम
सुतात मुक्कामालाच येतो,
सातव्या होलला खांदा जड.
बाही सैल बघा, टोपी फिकी,
बुटांचे खिळे मऊ,
गवतामागे माळ्यांचे हात आहेत.

त्यांनी सगळं नवं घेतलं.
जुना हातमोजा मला दिला,
डाव्या हाताचा. या खेळात एकच घालतात.

मी डावखुरा. मला लागतो उजवा.

सोमवारी क्लब बंद, मैदान आमचं.
मोजा उलटा केला:
शिवण बाहेर, त्यांच्या घामाचे पांढरे नकाशे बाहेर.
बरोब्बर बसला.

माहुलच्या धुराड्यांकडे बघून
हाणला एक.

चेंडू कुठे पडला सांगायला
कॅडी नव्हता.
मीच गेलो शोधत,
पिशवीशिवाय, जरा तिरका चालत.