झाकण उघडू नये

भांड्याच्या बुडाशी अजून मास्किंग टेप आहे,
निळ्या बॉलपेनातली अक्षरं: आर्डिस लिंडक्विस्ट. परत करावे.

बर्फ उपसता उपसता, फावड्यावर हनुवटी टेकून
तिनं मला पाककृती सांगितली होती.
एक पिशवी गोठवलेले गोळे,
एक बाटली चिली सॉस, एक बरणी द्राक्षाची जेली.
मी म्हटलं, जेली? खिम्याला?
ती म्हणाली, हो.
आणि हसली नाही.

मी फलटणची. आमच्याकडे खिमा गोड लागला
तर कांदा जरा जास्त परतला गेला, इतकंच.
म्हणून पहिल्यांदा सगळं माझ्या मनानं:
टर्कीचा खिमा, आलं-लसूण, मिरची, चिमूटभर दगडफूल,
मुठीत वळलेले छत्तीस गोळे.
आणि दर पंधरा मिनिटांनी झाकण.
वाफ, आंधळा चष्मा, चमचा,
हं, मीठ थोडं.
विद्याधरच्या ऑफिसातले चौघे सहाला आले
तेव्हा गोळे मधोमध गुलाबी होते.
पिझ्झा मागवला. लोणचं मात्र घरचं होतं.

दुसऱ्या दिवशी आर्डिस:
झाकण एकदा उघडलंस की अर्धा तास गेला.
तो तू कुठून आणणार?

शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही,
अशी म्हण आहे आमच्यात.
मला शिजेपर्यंतही धरवायचा नाही.
या गावानं शिकवला हळूहळू.
डलूथमध्ये तळंसुद्धा एप्रिलपर्यंत झाकलेलंच असतं.

मग रक्तपेढीतली रात्रपाळी सुरू झाली.
सकाळी साडेसातला घरी,
कोट न काढताच जेली ओतायची,
बटण ‘मंद’वर, आणि पडदे ओढून झोप.
दुपारी वास जिना चढून यायचा,
माझ्या स्वप्नात कुणीतरी नेहमी जेवत असायचं.
ओजसच्या हॉकीची अकरा मुलं,
ओले मोजे, टूथपिकांचा ढीग,
काकू, अजून आहेत?
आहेत.

फेब्रुवारीत आर्डिस गेली.
चर्चच्या तळघरात लांब टेबल,
टेबलावर एकाच वायरीला जोडलेली सात भांडी,
सातही बायकांना वाटलेलं, आपण गोळे न्यावेत.
प्रार्थना संपता संपता फ्यूज उडाला.
मिट्ट काळोख. पास्टर टॉर्च शोधायला वर.
कुणीतरी हळूच म्हणालं, झाकणं उघडू नका गं,
आत ऊब राहील.
कुणीही उघडली नाहीत.
मी माझ्या झाकणावर हात ठेवला, काच गरम होती.
शेजारची बाई नाक ओढत होती
आणि तिचाही हात, मला वाटतं, तिथंच असावा.
कॉफीचं यंत्र तेवढं शेवटचे थेंब टाकत राहिलं.

दिवे आल्यावर सगळे एकदम बोलायला लागले.
लाल जाकिटातल्या एका आजोबांनी
माझ्या भांड्यातले चार घेतले, मग आणखी दोन,
म्हणाले, हे तर आर्डिसचेच.
मग डोळे पुसत:
पण ती इतके तिखट नव्हती करत.
तळाशी मी तीन बेडगी मिरच्या टाकल्या होत्या.
ते मी सांगितलं नाही.

तिची लेक डॉन सिंकपाशी भांडी विसळत होती.
माझं पालथं करताना थांबली,
टेप वाचली, अंगठ्यानं कड दाबून बसवली,
आणि भांडं माझ्याकडे सरकवलं.
मी म्हटलं, यावर लिहिलंय.
ती म्हणाली, माहितेय. अक्षर तिचंच आहे.

परतताना उणे बावीस.
पुढच्या सीटवर भांडं, त्याला पट्टा लावलेला.
सुपीरियर स्ट्रीटच्या लाल दिव्याला
उगाच वाटलं, झाकण उचलून बघावं.
रिकामं होतं, मीच पुसलं होतं.
तरी उचललं नाही.