ठिपक्यांची रेघ

भद्रकालीच्या उतारावर, बंद पडलेली रिक्षा आपोआप घरंगळत येईल
अशा जागी 'मयूर परमिट रूम'.
रस्त्यावरून तीन पायऱ्या खाली.
गायधनी म्हणतात, बार खाली गेला नाही, रस्ता वर आलाय,
दर कुंभाला डांबराचा एक थर.

शनिवार, साडेआठ.
कोपऱ्यातलं टेबल आमचं. पंख्याखालचं नको,
पंख्याखाली नकाशा उडतो.

गायधनी नोटांच्या छापखान्यातून निवृत्त.
जन्मभर कोऱ्या नोटा मोजल्या,
आता नदीतली बुजलेली कुंडं मोजतात.
पहिल्या पेगला सतरा. दुसऱ्याला एकोणीस.
इक्बाल कोकणीचा लिंबू सोडा, मीठ जास्त,
फाइल मांडीवर, कारण टेबल ओलं.
माहिती अधिकाराचे त्रेपन्न अर्ज. उत्तर एकाचं:
'सदर नाला या विभागाच्या अभिलेखात आढळून येत नाही.'
हे तो दर शनिवारी वाचतो.
आम्ही दर शनिवारी 'वा' म्हणतो.

मी टायपिस्ट. कोर्टासमोर, लिंबाखाली.
चळवळ मला जमत नाही,
'महोदय' कुठं लिहायचं तेवढं सांगतो.

रोहिदास पगारे सातपूरहून उशिरा येतो,
आल्या आल्या चणाडाळीची बशी ओढतो.
'बोला, आज कोणाची नदी?'
'सरस्वती,' गायधनींचं बोट सरकतं,
ठिपक्यांची रेघ, इथून, इथून,
दहीपुलाखालून गोदेला.
'सगळं गाव दहीपूल म्हणतं,
पुलाखाली काय होतं ते कोणी विचारत नाही.'

'मी विचारतो,' पगारे म्हणाला.
'तुमच्या नकाशात घाट आहे, देवळं आहेत, सरदारांचे वाडे.
सगळ्यांचं वापरून झाल्यावर
माझ्या आजीला जिथं हंडा बुडवू द्यायचे,
खालच्या अंगाला,
ते वळण कुठंय?'

गायधनींनी खिशातून पेन्सिल काढली. 'दाखव.'
'मला काय ठाऊक? उंबराजवळ, म्हणायची.'
'कुठला उंबर?'
'आता तोही मीच सांगू?'

ग्लास जरा जोरात ठेवला गेला.
दोघंही पुढं बोलेनात.

मसाला पापड घेऊन काशिनाथ गावित उभा होता,
सुरगाण्याचा, सहा वर्षं इथंच.
'उंबराचं माहीत नाही. पाणी आहे पण.'
'कुठं?'
'स्टोअरमध्ये, क्रेटांच्या मागं. मी तिथंच निजतो.
आधी वाटलं, गावची नदी डोक्यातून जात नाही.
मग कळलं, आषाढात आवाज वाढतो.'

रिकाम्या बाटल्या किणकिणत बाजूला झाल्या.
शहाबादी फरशी, एक कोपरा उचकटलेला.
बहात्तर वर्षांचे गायधनी भिंत धरून गुडघ्यांवर आले,
कान लावला.
पगारेनं समोरून लावला.
दोन टाळवा, मधे वीतभर फरशी.
आधी नुसता फ्रीजच घुरघुरत होता.
गावितनं प्लग काढला.

पुढचं मला टाइप करता येणार नाही.

'वास गटाराचा येतोय,' इक्बाल म्हणाला.
'तेव्हाही येत असेल,' पगारे तसाच वाकलेला,
'खालच्या अंगाला.'

बाहेरून दगूशेठ ओरडला, बियर कोमट होतेय,
फ्रीज कोणी बंद केला रे.

टेबलावर परतलो. गायधनींनी पेन्सिल पगारेपुढं सरकवली.
त्यानं अंदाजानं एक झाड काढलं,
उंबर कमी, फुलकोबी जास्त.
गायधनींकडं रबर असतो, नेहमी.
तो त्यांनी काढला नाही.

चोपन्नावा अर्ज मी बिलाच्या पाठीवर मांडू लागलो.
साक्षीदार: काशिनाथ गावित, वय एकतीस, राहणार
'साहेब, माझं नाव नका घालू,' तो बशा उचलत म्हणाला,
'झोपायची जागा जाईल.'

खोडलं.
महोदय, आम्ही ऐकलं आहे,
एवढंच राहिलं.
खाली चार सह्या.
पाचव्या जागी ठिपके.