हवा

सारसोळ्याच्या जेट्टीपासून लांब, भर खाडीत
जाळं उचलायला इंजिन बंद केलं
ते परत चालू होईना.

हँडल मारलं. खोकलं.
पुन्हा मारलं. आता खोकलंही नाही.
डिझेल आहे, काडी बुडवून पाहिली.
फिल्टरच्या वाटीत पाणी नाही.
पंख्यात गोणपाट नाही;
मी खांद्यापर्यंत हात घालून चाचपून आलो.

ओहोटी आम्हाला सावकाश
चिखलाकडे ओढत होती.
पामबीचवर गाड्या
न खोकता चालल्या होत्या.

काथोडकाका एका कानाने बहिरा.
तेरा नंबरचा पाना घेऊन त्याने
इंजेक्टरचा नट जरासा ढिला केला.
"मार. हलू मार."
आटयांतून फेस आला,
झोपेत बडबडणाऱ्या पोरासारखा.
"हवा धरलीय तेनी."

मग तांब्याच्या नळीवरून
त्याचं बोट निघालं, टाकीच्या दिशेने,
आणि एका जोडाशी थांबलं.
तिथला वॉशर
मागच्या सोमवारी मीच बदललेला,
म्हणजे जुनाच उलटा करून बसवलेला.
नव्याचे साठ रुपये कुठे गेले
हे काकाने विचारलं नाही.
हात धुवायच्या साबणाची चिपटी
जोडावर घासली, वरून सुतळी आवळली.
फेस सरला. धार सरळ झाली,
माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत डिझेल.

तिसऱ्या हँडलला पेटलं.
काळा धूर, मग पांढरा, मग नुसता ठोका.

काकाने सुकाणू धरलं,
ऐकू येणारा कान
इंजिनाकडे नाही, माझ्याकडे केला,
आणि जेट्टी येईपर्यंत
तसाच ठेवला.