वाऱ्याचं माप

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
नंबर पुसलेल्या शेडमध्ये
मी वाऱ्याचे कपडे शिवते.
हसू नका, ऑर्डर तशीच येते:
लांबी बेचाळीस मीटर, रंग राखाडी,
आणि भोकांच्या दोन ओळी,
घड्याळात चार अन् आठ वाजतात त्या जागी.
गळा नाही, खिसा नाही.
नुसती बाही म्हणा, हात नसलेली.

मामंजी, मल्लेशम इराबत्ती,
चौतीस वर्षं मागावर बसले.
खोलीत पंखा नाही. मे महिन्यातसुद्धा.
वारं लागलं की सूत वाळतं,
वाळलं की तुटतं, तुटलं की गाठ,
आणि गाठ म्हणजे चादरीवरच्या मोराच्या मानेला गळू.
म्हणून खिडकीला गोणपाट, त्यावर पाण्याचा शिपका,
आत धोटा, मोर आणि माणूस.

परवा खोकला आवरत त्यांनी विचारलं
(घरात तेलुगू, पण चेष्टा करायची तर मराठी),
"काय शिवलालीस गं एवढं लांब? हत्तीची विजार?"
म्हटलं, वाऱ्यासाठी आहे.
ते गप्प. मग कापड चिमटीत धरून
नखानं वीण मोजली.
"वीण बरी आहे. पण माप कुणाचं घेतलंस?"

चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात
बंदेनवाज फिटरनं ते तारेवर ओवलं.
लोंबत होतं, वाळत घातलेल्या लुगड्यासारखं.
मी खालून शिवण बघत उभी,
कुठे उसवेल, कुठे शिट्टी मारेल.
बटण दाबलं.
फट्ट करून एक सुरकुती पळत गेली
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि छताखाली एक गोल, पोटभर अजगर.
किनार मुडपणाऱ्या बाईनं
मान वर न करता
गळ्याशी आवळलेला पदर सैल केला.
एवढंच. टाळ्या वगैरे नाहीत.

सहा महिन्यांनी तेच कापड धुवायला परत आलं.
चेन ओढली,
तर आत कापसाची साय, बोटभर.
मशीनमध्ये टाकलं, पाणी तीनदा बदललं.
शेजारच्या खोलीत मामंजी खोकत होते.
त्यांना चेन नाही.

माग भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली.
खिडकीवर गोणपाट अजून आहे,
शिपका मात्र कोणी मारत नाही.
ऑर्डरमधून उरलेलं सव्वा मीटर
मी बाजूला काढून ठेवलंय.
काल ते झोपले असताना
खिडकीचं माप घेतलं.
अजून सांगितलं नाही.