आडवारसाहेब

त्याचं नाव ऑडवार. आमच्या तोंडात झालं आडवार,
म्हणजे ना बाजाराचा, ना उपासाचा,
मधलाच कुठला तरी बिनकामाचा वार.
अर्थ सांगितला तर हसला,
आणि हजेरीच्या वहीत स्वतःच तसं लिहिलं, देवनागरीत,
ड उलटा काढून.

मी जानू घाडी, कातळवाडीचा.
मापाची लाल-पांढरी पट्टी उभी धरायची, हलायचं नाही,
एवढंच माझं काम.
तो लांबून दुर्बिणीत डोळा घालायचा
आणि मला वाटायचं, माझंच माप घेतोय.

आमचा डोंगर वरून कातळ, आतून शाडू.
त्याच्या नॉर्वेत म्हणे दगड शब्दाला जागतो,
पोखरला तरी उभा राहतो.
इथं रात्री खणलेलं सकाळी भरलेलं,
भिजवलेल्या पिठात बोट घातल्यासारखं.
तेरा महिन्यांत एकोणतीस मीटर.
मोटारीतून माणसं यायची, आकडा विचारायची, नाक धरून परत जायची.
हा चिखलात बसलेला, भिंतीला कान लावून.
काय ऐकतोस साहेब?
पाणी, म्हणाला. त्याला कुठं जायचंय ते.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात छप्पर खाली आलं.
यल्लप्पा आत राहिला.
बागलकोटचा, वीस वर्षांचा,
खिशात मनीऑर्डरचा फॉर्म, अर्धा भरलेला.
चौकशीत सगळ्यांनी पावसाचं नाव सांगितलं.
आडवारसाहेब म्हणाला, माझं लिहा.
कुणी लिहिलं नाही. करारात तसा रकाना नव्हता.
मनीऑर्डर गेली मात्र. दर महिन्याला जात राहिली, कितीतरी वर्षं,
हे पोस्टातल्या तावड्यांनी मला
निवृत्त झाल्यावर सांगितलं.

जिथं छप्पर आलं तिथंच झरा फुटला,
चारशे बारा मीटरवर, डाव्या हाताला.
त्याने त्यात नळी बसवली.
तांब्या लाव, म्हणाला, आणि भरेपर्यंत मोज.
आकडा वाढला तर झोप. कमी झाला तर झोपू नकोस.

मग गाडी सुरू झाली, तो आपल्या बर्फाकडे गेला.
आधी पुलांचा साहेब, मग विभागाचा,
मग त्यांच्या अख्ख्या रेल्वेचा वरचा साहेब.
मी गँगमन, मग कीमन, मग पावसाळी गस्त,
कंदील, फटाके, हातोडी, घोंगडं.
दोघांचीही चढतीच म्हणायची.
दर वर्षी त्याचं कार्ड. दोनच शब्द: जानू, झरा?
मी उलट कार्ड टाकायचो: एकोणीस.
पुढच्या वर्षी: एकोणीस.
एकदा वीस, तर त्याने कार्डावर मासा काढून पाठवला.
कशाबद्दल, ते अजून कळलेलं नाही.

शेवटचं मात्र पत्र आलं, लांब.
स्टेशनमास्तर रेडकरबाईंनी वाचून सांगितलं.
सोळाव्या मजल्यावर बसतो, खिडकी उघडत नाही.
रूळ तडकला की मला कागद कळवतो, तिसऱ्या दिवशी,
तोवर तडा गुळगुळीत झालेला असतो, कागदावर.
यंदा एक गाडी घाटात नऊ तास अडकली,
दिवे गेले, डब्यात पोरं होती.
सगळे म्हणाले, बर्फ.
मी म्हणालो, माझं लिहा.
जानू, या खेपेला लिहिलं.

रेडकरबाईंनी चष्मा पुसला. मी विचारलं,
म्हणजे नोकरी गेली?
गेली, म्हणाल्या. पण अक्षर बघा, किती मोकळं आहे.

आता मीही घरी. तरी श्रावणात एकदा तांब्या घेऊन जातो,
दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, कुणाला न विचारता.
काल भरला चौदात.
ओतला, परत लावला. चौदा.
भिंतीला कान लावला. कानाला गारठा लागला, बाकी काही नाही.
मला त्याच्यासारखं कधी ऐकू आलंच नाही,
मी आपला मोजणारा.

ऑफिसात नवी इंजिनीअर आहे, खोतांची मृण्मयी.
पडद्यावर बघून म्हणाली, काका, इथं सगळं हिरवं दाखवतंय.
मग तांब्याकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे, चिखल होता.
उठली. वही काढली, कागदाची.
कळवणाऱ्याचं नाव? सांगायलाच हवं असं नाही, म्हणाली,
पुढे चौकशी वगैरे होते.

घाडी लिही, म्हटलं.
ड सरळ काढ.