हद्द

ऋजुताची निम्मी पोरं या रविवारी वेळासला गेली,
कासवांची अंडी राखायला.
पहाटेच फोटो आले: ओली वाळू, पालथी टोपली,
बोटभर पिल्लं
आणि त्यांच्यापुढे उघडा समुद्र.

आम्ही उरलो सात जण
म्हात्रे पुलाखाली, नदीपात्रात,
दोघांत मिळून हातमोज्यांचा एक जोड.

फाल्गुन संपत आलाय. करंजाची पालवी
तेल चोपडल्यासारखी इतकी चकचकीत
की खालच्या पाण्याकडे बघायला संकोच वाटतो.
खडकवासल्यातून सोडलं तर ही नदी.
एरवी नुसतं साचून राहणं.

जकात नाक्यावर बावीस वर्षं काढली मी.
गोणी उघडायची, कोपरापर्यंत हात घालायचा,
तळाशी काय दडवलंय ते चाचपायचं.
इथेही तेच. फक्त पावती फाडत नाही.
वाळुंजाच्या मुळांतून एक अख्खी नऊवारी निघाली,
मग देवांच्या फ्रेमा, काचा नसलेल्या.
एक कवळी निघाली तेव्हा सगळे हसले.
मी वाकून बघितली. ती नव्हती.

कोणाला सांगितलेलं नाही,
मी येतो ते एक पिशवी शोधायला.
नारिंगी, साडीच्या दुकानाची, निळी नायलॉनची दोरी,
गाठ माझी.
शालनचं तेरावं झालं त्या रात्री
राजाराम पुलावर, स्कूटर चालूच ठेवून,
कठड्यावरून सोडली.
तिचा चष्मा, कवळी, शेकायची पिशवी,
दुधाच्या हिशेबाची वही,
शेवटच्या चार दिवसांचे खाडे मांडायचे राहिलेली.
वाहत्या पाण्यात सोडलं, असं मुलाला सांगितलं.
वाहत्या.

"मुठा जाते भीमेत, भीमा कृष्णेत," ऋजुता
धनाजी खिलारेच्या धाकट्याला समजावत होती,
"म्हणजे आपला कचरा पूर्वेच्या समुद्रात."
"मग वेळासच्या कासवांना काही नाही ना?"
ती जरा गप्प राहिली.
"तिकडेही असतात रे कासवं."

साडेनऊला टिटवी उठली.
डोक्यावरून गेली, वळली, पुन्हा आली, बोंब मारत.
फिलोमिना पाय उचललेला तसाच ठेवून थांबली.
वीतभर पुढे चार अंडी,
खडीत, खडीच्याच रंगाची,
कडेला शॅम्पूच्या पुडीचा तुकडा.

काठ्या रोवल्या, चिंधी बांधली.
चहूकडून दहा-दहा पावलं जागा सोडायची,
महिनाभर तिथली काडी उचलायची नाही,
कचरा असला तरी.

आणि त्या जागेत, अंड्यांच्या पलीकडे
चार हातांवर, गाळातून वर आलेला
एक नारिंगी कोपरा.

नारिंगी पिशव्या पुण्यात लाखभर असतील,
निम्म्या त्याच दुकानाच्या.
दोरी दिसेना. मी इकडून मान वाकवली, तिकडून वाकवली.
टिटवीला काय कळलं कोण जाणे,
सातांतून नेमकी माझ्यावरच येत राहिली.

टिटवी ओरडली की अशुभ, आई म्हणायची.
टिटवीसुद्धा समुद्र आटवते, हेही तीच म्हणायची,
भांडी घासताना, एका दमात.

काट्यावर एकशे सोळा किलो भरलं.
धनाजीने गोण्यांवर खडूने आकडे घातले, टेम्पो गेला.
पोरं वडापाव खायला वर चढली.
काका, चला. मी म्हटलं, व्हा पुढे.

चिंधीच्या अलीकडे दगडावर बसलो.
एक कुत्रं हुंगत आलं, त्याला हाकललं.
परत आलं, परत हाकललं.
कोपरा उन्हात फिका दिसत होता,
नारिंगी होता की नव्हता, असा.

बारा वाजत आले तशी टिटवी
थांबत, चालत, माझ्याकडे एक डोळा ठेवून
पाण्याच्या कडेला गेली,
पोटाची पिसं भिजवली त्याच काळ्या पाण्यात
आणि येऊन अंड्यांवर बसली,
त्यांना गार करत.