उशीतला गहू

माझं काम काट्यावरचं.
जूनमध्ये ट्रकांची रांग थेट रुळांपर्यंत जाते.
मी वजन मांडतो, मूठभर दाणे उचलतो,
एक दाताखाली फोडतो. ओल कळते.
यंत्र आहे.
तरी फोडतो.

आमच्यात बोलायची फार सवय नाही.
तिकडून का आलात, विचारलं तर म्हातारे म्हणत,
बंदूक नको होती,
आणि पुढचा बटाटा सोलायला घेत.

राणीनं लिहून दिलं होतं म्हणे,
तुमची मुलं फौजेत नेणार नाही, सदासर्वकाळ.
ते सदासर्वकाळ शंभर वर्षांत भरलं.
नवा झार म्हणाला, आता सगळ्यांची मुलं सारखी.
यात चुकलं काय,
असं आमच्या शेतगड्यानं, ओमेल्कोनं, विचारलं.
त्याचे दोन्ही मुलगे छावणीत होते.
कुणी मान वर केली नाही.
सामान बांधणं चालू राहिलं.

आगानेता तेव्हा आठ वर्षांची.
आईनं तिच्या उशीतली पिसं काढली,
लाल गहू भरला, दुहेरी टाके घातले.
बोटीवर कूस बदलली की कानाशी खसखस.
तिला वाटे, आत गाव कुजबुजतंय.
सकाळी गालावर दाण्यांचे वण,
आई थुंकी लावून पुसू बघायची.

कॅन्ससात झाड औषधालाही नव्हतं.
शेजाऱ्यांचा मका टोळांनी उभ्या उभ्या खाल्लेला.
यांनी पानगळीत उशी उसवली.
बर्फाच्या तोंडावर पेरतात, लोक हसले.
गहू बर्फाखाली निजला
आणि जूनमध्ये कमरेएवढा उभा राहिला.
मग हसणारेच बी उसनं न्यायला आले, टोपी हातात घेऊन.

आता चर्चमध्ये आम्ही चाळीस, निम्मे काठी टेकत.
बोली मला प्रार्थनेपुरती येते, आणि शिव्यांपुरती.
पण चारशे मैलांत कुणाच्याही घरचा पाव कापा,
सुरीला आमचा गहू लागेल.

अठरा साली आजोबांनी बंदूक नाकारली,
म्हणून रातोरात कोठाराच्या दारावर पिवळा रंग ओतला.
त्याच आठवड्यात त्याच दारातून
फौजेच्या पावासाठी गहू गेला.
बिजागरीपाशी पिवळं अजून आहे.
मी खरवडत नाही.

पुढे तिकडे दुष्काळ पडला, तेव्हा इथून पीठ गेलं,
काळ्या समुद्रावरच्या बंदरात उतरलं.
ओमेल्कोच्या नातवंडांना पोचलं का, माहीत नाही.
पोचलं असलं तरी
ते उत्तर होत नाही.

हॉर्न वाजतोय.
दाणा अजून दातात आहे.